कुणाकडे बघून फिरायचं

अकरा वर्षांनी मी बॅलेच्या वर्गात उभी राहिले आणि पहिल्याच गिरकीत माझा फज्जा उडाला. एका पायावर उभं राहून एकदा फिरायचं, एवढंच. मी पाऊण फिरले, भिंतीजवळचा लाकडी दांडा पकडला आणि खोली फिरायची थांबेपर्यंत तशीच लटकून राहिले. शेजारी विशीतल्या तीन मुली होत्या. त्या हसल्या नाहीत. मेल्यांनी हसायला तरी हवं होतं, म्हणजे मला रागावता आलं असतं.

आमच्या बाई आता सत्तरीला टेकल्यात, पण आवाज तसाच खणखणीत. "अंग आधी, डोकं शेवटी," त्या म्हणाल्या. "समोर एक जागा धर. अंग वळलं तरी नजर तिथेच. अगदीच राहवेना की मान झटक्यात फिरव आणि पुन्हा तीच जागा गाठ. तू बारा वर्षांची असल्यापासून सांगतेय."

मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. दिवसभर लोकांना "समोर बघा, हलू नका" सांगते. आणि इथे माझीच नजर ठरत नव्हती.

वर्गात मला आणून घातलं माझ्या दहा वर्षांच्या लेकीने. घरात तिला आम्ही फौजदार म्हणतो. किल्ल्या कुठे, डबा धुतला का, दिवे घालवले का, सगळी झडती तीच घेते. बाईंचा वर्ग तिच्या शाळेच्या वाटेवर. तिथे परस्पर जाऊन आली आणि मला म्हणाली, "मंगळवारी साडेपाचला. केस घट्ट बांध." बाईंशी काय बोलली ते विचारलं, तर ओठ मिटून घेतले. मीही फार खोलात शिरले नाही. मंगळवार मोकळाच होता. आधी मंगळवारी तिचं पोहणं असायचं, ते तिने नुकतंच सोडलं होतं. म्हणे पाण्याने डोळे चुरचुरतात. मी दुकानातून पोहायचा चांगला गॉगल आणून दिला, तरी नाही. तेव्हा मी चार लोकांत म्हणालेसुद्धा, "पोरीला चिकाटी म्हणून नाही. बापावर गेलीय."

आता माझ्याबद्दल. घरीदारी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी, की मी फार सुरेख नाचायचे, मग लेक झाली आणि नाच सुटला. लोक हळहळतात. मी मान हलवते, "चालायचंच" म्हणते.

हे खोटं आहे. मी नाच सोडला तेव्हा लेक पोटातसुद्धा नव्हती. वर्गात गिरक्या घेताना मी आरशातल्या माझ्याच तोंडाकडे बघायचे. बाई ओरडायच्या, "आरसा सोड, भिंत धर." पण मला माझं तोंड फार आवडायचं, खोटं कशाला बोलू! मग वार्षिक कार्यक्रमात आठ गिरक्या होत्या. रंगमंचावर आरसा कुठला? समोर नुसता अंधार. तिसऱ्या गिरकीत माझी नजर सुटली. आठव्या गिरकीनंतर मी थांबले, गोड हसले आणि छान लवून अभिवादन केलं ते मागच्या पडद्याला. प्रेक्षकांकडे माझी पाठ. भरलं सभागृह खो खो हसलं. मी पुन्हा वर्गाचं तोंड पाहिलं नाही. नवरा तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होता, त्याला काही कळलं नाही. चार महिन्यांनी दिवस गेले आणि मला आयतं कारण मिळालं.

बाईंनी मात्र सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून चौथ्या मंगळवारी मी आत गेले तर आरशावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पडदा.

"बाई, हे माझ्यासाठी?"

"मग काय माझ्यासाठी? अर्ध्या गिरकीपासून सुरू कर."

अर्धी जमली. एक घ्यायला गेले की तोल जायचा. वर्ग संपला, मुली गेल्या, तरी बाई सोडेनात. फौजदार दाराशी दप्तर घेऊन बसली होती. ती उठली आणि समोरच्या भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. मग एक खुर्ची ओढून घेतली, तिच्यावर चढली, म्हणजे तिचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर यावं.

"माझ्याकडे बघ, आई. मी अजिबात हलणार नाही."

मी फिरले. तिचं तोंड सुटलं, आणि लगेच परत समोर आलं. पुन्हा फिरले, पुन्हा समोर तेच गंभीर तोंड. पापणीसुद्धा लववत नव्हती कार्टी. दोन गिरक्या, स्वच्छ, आणि शेवटी मी तिच्याकडे तोंड करून उभी. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या पिटल्या.

"बघ, जमलं!" ती खुर्चीवरून उतरत म्हणाली. "आता माझ्यामुळे सुटलेलं माझ्यामुळे परत आलं. फिट्टंफाट."

माझे हात तसेच राहिले. बाईंनी कपाटाचा खण उघडला आणि वहीचा एक कागद माझ्या हातात दिला. "ही चिठ्ठी घेऊन आली होती. मी हिला काही बोलले नाही. ते माझं काम नाही," एवढंच म्हणून त्या बाहेर गेल्या.

फौजदाराचं अक्षर. "माझी आई तुमच्याकडे नाचायची. मी झाले म्हणून तिला सोडावं लागलं. आता मी मोठी आहे. मी पोहणं सोडलं आहे, त्यामुळे मंगळवारी तिला माझी ने-आण करावी लागत नाही. कृपया तिला परत घ्या."

मला त्या लाकडी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सभागृह हसलं होतं तेव्हाही अशी लाज वाटली नव्हती. मी खाली बसले, तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. आरसा, अंधार, पडदा, हसणारे लोक.

ती हसली नाही. कपाळाला आठ्या घालून हिशेब करत राहिली.

"म्हणजे मी तेव्हा नव्हतेच?"

"नव्हतीस."

"पोटातसुद्धा?"

"पोटातसुद्धा नाही गं. तुझा काडीचाही दोष नाही. मी खोटं बोलले."

तिने दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला. मग हळूच म्हणाली, "माझे डोळे चुरचुरायचे नाहीत. मला पोहायला आवडायचं."

"उद्याच जाऊन तुझं नाव परत घालू," मी घाईघाईने म्हणाले. "उद्या दुकान सुटलं की लगेच."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मघाशी खुर्चीवरून पाहिलं होतं तसंच, पापणी न लववता.

"खरंच जाऊ," तिने विचारलं, "की तू नुसतं सांगतेयस?"