खुलाशासकट

साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर उजवीकडे तळाला सरांच्या विनोदी सदराची एक चौकट होती. तिच्यात मोजून एकशेवीस शब्द मावत. सर दर आठवड्याला चारशे पाठवत. सरांचं वाचून लोक हसत, याचं श्रेय त्या चौकटीला आणि ती लावणाऱ्या बाईला होतं. सर ते स्वतःकडे ठेवून घेत.

बाईला कचेरीत सगळे कात्रीबाई म्हणत. कात्री तिनं कित्येक वर्षांत हातात धरली नव्हती. पान लावायचं संगणकावर, आणि जे मावत नाही ते खालून उडवायचं, हा त्या धंद्याचा जुना रिवाज. बातम्या अशाच कापतात, खालून, डोळे मिटून. सरांच्या लेखाच्या तळाशी नेमका खुलासा असे. 'वाचकहो, यातली खरी गंमत अशी की...' इथून पुढे पावणेतीनशे शब्द. पहिल्याच आठवड्यात ती खरी गंमत उडाली, आणि सरांना आयुष्यातलं पहिलं वाचकाचं पत्र आलं.

मग बाईला चटक लागली. दुसऱ्या वर्षी तिच्या ध्यानात आलं की वरचा परिच्छेद गेला तरी कुणी रडत नाही. विनोदाला हात घालण्याआधी सर बराच वेळ घसा खाकरत, आणि खाकरणं छापायचं नसतं. पुढं पुढं तर ती एकेका शब्दावर अडून बसायची, आणि चौकटीत उरलेल्या जागेत सरांचं छायाचित्र मोठं करायची. हे सगळं सरांपासून लपवलेलं होतं असं नाही. पण छापून आलेला लेख ते वाचत नसत. छायाचित्र नीट आलंय का तेवढं बघत.

अकरा वर्षं अशी गेली, आणि सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार म्हणून निवडक पंचाहत्तर लेखांचं पुस्तक काढायचं ठरलं. पंचाहत्तरच का, तर सर शहात्तर वर्षांचे नव्हते म्हणून. मांडणीचं काम कात्रीबाईकडेच आलं. पाठोपाठ सरांकडून हस्तलिखितांचा गठ्ठा आला. मूळ, अखंड, खुलाशासकट.

बाईनं गठ्ठा चाळला; एकही खुलासा गळला नव्हता. साप्ताहिकाचं काय, सोमवारी त्यानं खिडकीच्या काचा पुसतात. पुस्तकाला निदान पुठ्ठा असतो. आपलं अकरा वर्षांचं काम एका जागी बांधलं जायची ही एकच संधी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नाव तिला नको होतं. लोक ज्याला हसले तेच पुस्तकात यावं, एवढाच तिचा हावरटपणा.

रविवारी दुपारी ती शिडीवरच्या एका लेखाच्या दोन प्रती घेऊन सरांच्या घरी गेली. सर खुर्चीत होते. समोर त्यांची बायको ताटात वाटाणे सोलत बसली होती.

"सर, हा तुमचा, आणि हा चौकटीतला. वहिनींना दोन्ही वाचून दाखवू. त्या म्हणतील तसं सगळं पुस्तक लावू."

"हिला?" सर हसले. "हिला विनोदातलं काय कळतंय?"

"हसता येतं ना त्यांना?"

"त्याला विद्वत्ता लागत नाही," सरांनी मोठ्या मनानं कबूल केलं.

"वाचा हो," वहिनी म्हणाल्या. "अजून किलोभर सोलायचेत."

सरांनी आपला लेख खड्या आवाजात सुरू केला. 'शेजारधर्म हा मानवी संस्कृतीच्या प्रदीर्घ वाटचालीतील एक महत्त्वाचा टप्पा होय.' टप्पे बरेच होते. शिडी यायलाच चांगलं मिनिटभर गेलं. शेवटी 'वाचकहो, शिडीसाठीच शिडी, ही विसंगती मानवी जीवनातही...' असं करत सर थांबले आणि बायकोकडे बघू लागले.

"संपलं?"

"संपलं."

"मग मी पंखा लावते. मघापासून उठायचं होतं, पण तुम्ही रंगात आला होता."

पंखा लावून त्या बसल्या. कात्रीबाईनं आपला कागद धरला आणि यादी वाचावी तसं सपाट आवाजात वाचलं:

'शेजाऱ्यांनी आमची शिडी नेली, त्याला सहा वर्षं झाली. काल मी ती मागायला गेलो. ते म्हणाले, "देतो की! तुमची वस्तू आम्ही जपून ठेवलीय, वर माळ्यावर. फक्त काढायला शिडी लागेल. तुमच्याकडे आहे का?"'

वहिनींनी एक शेंग फोडली. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि ताटातले वाटाणे टणाटण उडाले.

"हे यांनी लिहिलंय?" त्यांनी डोळे पुसत विचारलं. "आणि एवढ्यात थांबले? अहो, हा माणूस 'येतो' म्हटल्यावर अर्धा तास दारात उभा असतो!"

"तू हसलीस, कारण दुसऱ्यांदा ऐकलंस," सर म्हणाले. "पाया मी घातला होता."

"सर, शब्द सगळे तुमचेच आहेत," कात्रीबाई म्हणाली. "तुम्ही 'बरीच वर्षं' लिहिलं होतं. मी फोन करून विचारलं, नक्की किती? तुम्ही वैतागून सहा म्हणालात. बरीच वर्षं सगळ्यांचीच जातात. सहा म्हटलं की माणूस दारात उभा दिसतो. आणि 'तुमच्याकडे आहे का' हे तुम्ही आधी घातलं होतं, ते मी शेवटी नेलं. त्याच्यापुढं काही बोललं की वाचणाऱ्याला हसायला जागा उरत नाही."

सरांनी तिच्या हातातला कागद घेऊन उलटसुलट बघितला. क्षणभर बाईला वाटलं, माणूस पाघळला.

"असे घेतले तर पुस्तक किती पानांचं होईल?"

"एका पानावर एक धरला तर ऐंशी."

"आणि माझे घेतले तर?"

"दोनशेच्या वर."

सर उठून कपाटापाशी गेले. रांगेत उभ्या पुस्तकांच्या पाठींवरून, तिथल्या नावांवरून, त्यांनी बोट फिरवलं. जाड पाठीशी बोट जरा रेंगाळत होतं. "ऐंशी पानांच्या पाठीवर नाव मावतं?"

खोटं बोलायची एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. पण धंद्यातलं खोटं तिच्या तोंडून निघेना.

"नाही मावत. एवढ्या बारीक पाठीवर काही छापत नाहीत."

"म्हणजे कपाटात ठेवलं की पुस्तक कुणाचं ते कळणार नाही."

"उघडलं की कळेल, सर."

"उघडतंय कोण!"

अकरा वर्षांत सरांचं हे पहिलंच वाक्य, ज्यातला एकही शब्द कापायची गरज नव्हती. कात्रीबाईला हसू फुटणार, तेवढ्यात सर पुढं बोलले, "म्हणजे मला असं म्हणायचंय, की आजच्या धावपळीच्या युगात वाचनसंस्कृतीचा जो ऱ्हास..." वहिनींनी पंख्याकडे बघितलं.

ऱ्हास आटोपल्यावर सरांनी निकाल दिला. दोनशे पानं. मूळ संहिता. बाईचं तोंड उतरलेलं बघून त्यांनी टेबलावरून एक कागद उचलून पुढं केला. "नाराज नका होऊ. ऋणनिर्देशात तुमचा खास उल्लेख आहे. वाचा."

'या पुस्तकातील प्रत्येक लेखावरून ज्यांचा साक्षेपी हात फिरला आहे, त्या आमच्या कात्रीबाई...'

तिनं ते दोनदा वाचलं आणि पर्समधून पेन काढलं.

"ही ओळ मी काढते, सर."

"अहो, संकोच कसला?"

"संकोच नाही. छापलं तर लोकांना खरं वाटेल."

तिनं ओळीवर सरळ रेघ मारली. वहिनी एवढ्या हसल्या, की ताट मांडीवरून घसरलं आणि वाटाणे खोलीभर झाले.

"यात हसण्यासारखं काय आहे?" सरांनी विचारलं. "मला कुणी समजावून सांगेल का?"

कात्रीबाई खाली वाकून पायाशी आलेले वाटाणे वेचायला लागली. ओंजळभर ताटात टाकून ती उठली आणि चपला घालून निघाली. उद्यापासून दोनशे पानं लावायची होती, अक्षरही न कापता.