गाठ कुठल्या तारेला

दुकानाचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच बहुधा कधी मोडला नव्हता. गाडीत नवे स्पीकर बसले, की स्टिअरिंगपुढच्या जागेवर सगळ्यांत आधी मिस्त्री बसायचे. काचा वर, दारं बंद. चाचणीचं गाणं एकच, वीस वर्षं तेच. ते संपलं की मिस्त्री दार उघडून एक शब्द बोलायचे. ‘झकास’ म्हणाले तर गाडी गिऱ्हाइकाची, ‘परत’ म्हणाले तर पेचकस पुन्हा हातात.

गल्लीत त्यांना कानवाले मिस्त्री म्हणत. बंद गाडी नुसती समोरून गेली तरी डाव्या दाराचा स्पीकर सैल आहे हे सांगणारा माणूस, अशी ख्याती. स्पीकरच्या लाकडी पेट्या तेच बनवायचे. वायरिंग लेकीचं. ती तंत्रशाळेत दोन वर्षं शिकून आली होती. आणि तारांना डाग देणं, म्हणजे सोल्डरिंग, बायकोचं, लग्नानंतर चार महिन्यांत मिस्त्रींनीच शिकवलेलं. तिघं आणि दीड गाडी मावेल एवढी लांबोडकी खोली, एवढाच संसार.

गेल्या वर्षभरात मात्र त्या नामांकित कानातून एकेक पाहुणा न सांगता उठून चालला होता. आधी किटलीची शिटी गेली. मग खिडकीतल्या चिमण्या. त्या चोच उघडायच्या, मिटायच्या, आवाज काचेपलीकडेच राहायचा. मग चाचणीच्या गाण्यातल्या झांजा. एके दिवशी मिस्त्री झांजांची वाट बघत बसले आणि गाणंच संपलं.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मनाची समजूत घातली, की झाडाचा शेंडा वाळला तरी बुंधा हिरवा असतो. बारीक आवाज गेले तर गेले. गाडीवाल्यांना हवा असतो तो खालचा, पोटात उतरणारा आवाज. तो मला येतोय. ज्या दिवशी तोही येईनासा होईल, त्या दिवशी उठायचं, लेकीला सांगायचं, पुन्हा त्या जागेवर बसायचं नाही. असा त्यांनी स्वतःशीच करार केला होता. केला खरा, पण रोज सकाळी शटर वर ढकलताना ते त्याची खालची घरघर कान देऊन तपासायचे.

त्या दिवशी बसवाले आले. शहरात बस चालवणारे, पन्नाशीचे, जाडजूड, मऊ बोलणारे. सुट्टीच्या दिवशी स्वतःची छोटी गाडी घेऊन आले होते. तिच्या डिकीत जुना दहा इंची वूफर, म्हणजे खालच्या आवाजाचा मोठा स्पीकर, होता.

“आठवडाभर बसमध्ये एक तर भोंगे, नाहीतर भांडणं,” ते म्हणाले. “सुट्टीला नदीपर्यंत जातो आणि गाणी लावतो. मिस्त्री, गाणं अंगावर पांघरल्यासारखं वाटलं पाहिजे. दोन बसवा, बारा-बारा इंची. पण आजच. उद्यापासून पुन्हा बस आहे.”

“एकट्यासाठी दोन?” मिस्त्रींच्या बायकोनं विचारलं.

“वहिनी, एक पांघरायला, एक अंथरायला.”

नशिबानं तशा जोडीच्या मापाची एक पेटी दुकानात तयारच होती. एकाच पोकळीची, दोन गोल खिडक्यांची, बाहेरून काळं कापड डकवलेली. अडलं ते भलत्याच ठिकाणी. लाल-काळ्या जोडतारेचं भेंडोळं संपलं होतं. उरली होती नुसती काळी तार.

“काळी तर काळी,” लेक म्हणाली. “वीज रंग बघत नाही. फक्त एका तारेला दोऱ्याची गाठ मारायची, म्हणजे प्लस-मायनस कळतं.”

“ते मला नको शिकवूस,” आई म्हणाली. “तू जन्मायच्या आधीपासून गाठी मारतेय.”

एक वूफर आईनं मांडीशी ओढला, दुसरा लेकीनं. डाग देताना आईला ओळी जुळवायची सवय होती. धुराच्या रेघेबरोबर तिचा आवाजही वर निघाला:

काळी माझी तार गं, तिला काळीच बहीण
कोण थोरली, धाकटी, बाई ओळखील कोण?

“आई, तू गातेस तेव्हा फुंकर मारतेस, आणि धूर माझ्या डोळ्यांत येतो.”

“मग रडून घे थोडं. सासरी जाताना तरी कुठे रडणार आहेस तू!”

दुपारपर्यंत पेटी डिकीत बसली. लेकीनं चारही तारा अ‍ॅम्पपाशी आणल्या, गाठवाल्या दोन्ही प्लसला लावल्या, बिनगाठीच्या मायनसला. फोनवरचा आवाजाचा मीटर तिनं एका वूफरच्या अगदी तोंडाशी धरला. आकडा भर्रकन चढला.

“जुन्याच्या दुप्पट!” ती म्हणाली. “बाबा, बसा.”

मिस्त्री बसले. काचा वर, दारं बंद. गाणं सुरू झालं. वरचे स्वर तर त्यांना आता नेहमीच धुक्यातून यायचे. गायिका आली, सतार आली. मग खालचा ठेका यायची जागा आली, आणि तिथे काहीच नव्हतं. जुन्या दहा इंचीनंसुद्धा बरगडीत धक्का बसायचा. हे बारा-बारा इंची दोन, आणि बरगडी गप्प. मिस्त्रींनी आवाज वाढवला. गायिका ओरडायला लागली, खाली तेवढीच शांतता. पाण्यानं भरलेली समजून कळशी उचलावी आणि हात रिकामाच वर यावा, तसं झालं.

बुंधाही वाळला, त्यांना वाटलं. इतक्या लवकर.

काचेबाहेर तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होते. लेकीच्या हातात फोन होता आणि फोनवर मोठा आकडा होता. आकडा खोटं कशाला बोलेल? मिस्त्रींनी दार उघडलं.

“झकास,” ते म्हणाले.

मग बसवाले बसले. त्यांनी डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं, बाहेर आले आणि जरा थांबून म्हणाले, “वा. फार... सभ्य वाटतं.”

“सभ्य?” लेकीनं विचारलं.

“म्हणजे जुना आपला धडाधडा बोलायचा. महागाची वस्तू शांतच असणार म्हणा. मला काय कळतंय त्यातलं? मिस्त्री झकास म्हणाले, मग प्रश्नच मिटला.” ते हात धुवायला मागच्या नळाकडे गेले.

लेकीनं डिकी बंद केली आणि हत्यारं गोळा करायला लागली. मिस्त्री पेटीच्या उरलेल्या फळ्या उगाच भिंतीला लावत उभे राहिले. गाडी आत्ता जाईल. हा भला माणूस नदीकाठी बसेल, गाणं पांघरायला जाईल, आणि काम जर खरंच फसलेलं असेल, तर नुसताच उघडा बसून राहील. तरीही म्हणेल, मिस्त्री झकास म्हणाले होते. आणि काम फसलेलं नसेल, नुसता आपलाच कान गेला असेल, तर तोंड उघडणं म्हणजे ती जागा आजच सोडणं.

एक फळी हातातून निसटून पायाशी पडली. तिचा दणका त्यांना ऐकू आला. चांगला दमदार, खालचा. त्यांनी त्या फळीकडे बघितलं. मग बुंधा वाळला कसा?

“इकडे ये,” त्यांनी लेकीला हाक मारली. “मी खोटं बोललो.”

“काय?”

“झकास नाही. मला खाली काहीच ऐकू आलं नाही. ठेका नाही, धक्का नाही. काही नाही.”

“असं कसं? मीटर तर...”

“मीटर राहू दे. तू बस आत. तुझ्या कानानं ऐक.”

लेक जागच्या जागी थांबली. स्पीकर बसवल्यावर त्या जागेवर पहिलं बसणं, तेही बाबा समोर उभे असताना, तिनं कधी केलं नव्हतं. तिनं आईकडे बघितलं. आई म्हणाली, “बस की. जागेला काय बाबांचं नाव कोरलंय?”

दार बंद झालं. गाणं सुरू झालं. मिस्त्री बाहेरून काचेतून तिच्या भुवया बघत राहिले. ठेक्याची जागा आली तशा भुवया जवळ आल्या. तिनं आवाज वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. मग काच खाली आली.

“बाबा,” ती म्हणाली, “मलाही काही येत नाहीये.”

“नक्की?”

“अक्षरशः काही नाही. जुना परवडला.”

“अगदीच काही नाही?”

“नाही म्हणतेय ना!”

मिस्त्री एवढे मोठ्यानं हसले, की नळापाशी बसवाले दचकले. आपलं काम फसलंय हे कळल्यावर इतका खूश झालेला कारागीर त्या गल्लीत आजवर कुणी पाहिला नसेल.

“हसताय काय?” बायको म्हणाली. “गिऱ्हाईक दारात आणि तुम्हाला उकळ्या फुटतायत.”

“डिकी उघड,” मिस्त्री म्हणाले.

त्यांनी लेकीला सगळ्यांत खालचा एकच स्वर लावायला सांगितला, अगदी सावकाश, आणि दोन तळवे दोन वूफरच्या पडद्यांवर ठेवले. उजवा तळवा वर उचलला गेला, तेव्हा डावा आत गेला. डावा वर आला, तेव्हा उजवा खाली.

“घ्या,” ते म्हणाले. “दोन जावा एका घरात. एकीनं दार उघडायचं, दुसरीनं लावायचं. वारा बाहेर येणार कुठून? याची हवा तो पितोय, त्याची हा. मीटर तू एकाच्याच तोंडाशी धरलास, म्हणून आकडा चढला.”

“उलट जोडलाय एक,” लेक पुटपुटली. तिचा चेहरा उतरला. “पण गाठी मी दोनदा बघितल्या. गाठ प्लसला.”

“प्लसला?” आई म्हणाली. “गाठ मायनसला असते.”

“आई, गाठ प्लसला असते. शाळेत पहिल्याच दिवशी शिकवतात.”

“मला तुझ्या बाबांनी शिकवलं. उण्याला गाठ मारावी, म्हणजे उणं तिथेच बांधून राहतं. तेवीस वर्षं मारतेय. अहो, सांगा की हिला!”

दोघी मिस्त्रींकडे बघायला लागल्या. लाल-काळ्या तारेच्या कृपेनं इतकी वर्षं आईच्या आणि लेकीच्या गाठी कधी समोरासमोर आल्या नव्हत्या.

“दोघींचंही बरोबर आहे,” मिस्त्री म्हणाले. “म्हणून तर बिघडलं.”

“हे बरं!” आई म्हणाली. “दोघींना गूळ लावून मोकळे.”

लेकीनं आईच्या तारांची टोकं अ‍ॅम्पपाशी सोडवली, उलटी केली, पेच घट्ट केले. नऊ व्होल्टचा सेल टेकवून बघितला. दोन्ही पडदे एकदमच पुढे आले, एकाच हाकेला दोन भावंडांनी मान वर करावी तसे. मग गाणं लावलं. भिंतीवरचे पान्हे किणकिणले, बसवाल्यांचं टोपलीत ठेवलेलं किल्ल्यांचं जुडगं आपोआप सरकलं, आणि ते ओल्या हातांनी धावत आले.

“हे काय? हे आत्ता कुठून आलं?”

“सभ्यपणा काढून टाकला,” लेक म्हणाली.

बसवाले डिकीपाशी उभे राहिले. छातीवर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले.

लेक मात्र बाबांकडे बघत होती. “बाबा, तुम्हाला कळलं होतं. मग आधी झकास का म्हणालात?”

मिस्त्रींनी हातावरचा भुसा झटकला. आता झाकण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, आणि त्याचं ओझंही वाटत नव्हतं.

“मला वाटलं माझाच कान गेला. थोडा गेलाच आहे. चिमण्या ऐकू येत नाहीत. किटली येत नाही. या गाण्यातल्या झांजा मी गेले सहा-सात महिने ऐकल्या नाहीत.”

“सहा-सात महिने?” लेकीचा आवाज चढला. “म्हणजे सहा-सात महिने वरचा आवाज तुम्ही अंदाजानं लावताय? ते लाल गाडीवाले आले होते दोनदा, कर्कश वाटतंय म्हणून. मी त्यांनाच उलट बोलले, बाबा!”

“हो,” मिस्त्री म्हणाले. “त्यांना बोलवावं लागेल.”

“अहो, मला तरी सांगायचं,” बायको म्हणाली. आवाज हळू होता, पण तो त्यांना आला. तिनं सोल्डरिंगची तापलेली इस्त्री स्टँडवर ठेवली, प्लग काढला, आणि त्यांच्या दंडाला लागलेला काळ्या कापडाचा धागा काढला.

“मग आता?” बसवाल्यांनी चाचरत विचारलं. “गाडी पास की...?”

“खालचं पास,” मिस्त्री म्हणाले. “वरचं मला विचारू नका.” त्यांनी पुढचं दार उघडलं आणि लेकीला म्हणाले, “बस.”

ती बसली. पाय पुरेनात, म्हणून तिनं सीट दोन दात पुढे ओढली. मिस्त्री वळसा घालून पलीकडच्या जागेवर बसले. काचा वर, दारं बंद. त्यांनी बोट वरच्या आवाजाच्या गोल बटणावर ठेवलं आणि लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले.

“झांजा आल्या,” ती म्हणाली. “टोचतायत.”

“किती?”

“सुईएवढ्या.”

त्यांनी बटण केसभर मागे फिरवलं.

“आता?”

“अजून थोडं, बाबा.”