फॅनबेल्ट

पाना सटकला आणि गुणवंतीच्या बोटाच्या पेरावरची साल निघाली. तिनं बोट तोंडात धरलं, ऑइल आणि रक्त एकदमच थुंकलं आणि पुन्हा पाना लावला. गाडी सुरू केली की फॅनबेल्ट डुकरासारखा किंचाळत होता. मेकॅनिक सोमवारी येतो म्हणाला होता. तोवर भाऊच्या धक्क्यावरून दादरला मासळी कोण नेणार? नवऱ्याच्या, लहूच्या हाताशी पंधरा वर्षं टॉर्च धरून उभी राहिली होती ती. कुठला बोल्ट सैल करायचा आणि कुठला आवळायचा, एवढं तिला कळत होतं.

शिवडीच्या त्या बैठ्या घरापुढं खडी पसरलेली होती. रस्त्याच्या कामातून उरलेली खडी लहूनंच पाट्या भरभरून आणली होती, पावसात पिकअपची चाकं रुतू नयेत म्हणून. तो जाऊन दोन वर्षं झाली. धक्क्यावर बर्फाची लादी उचलता उचलता बसला तो उठलाच नाही. तेव्हापासून गाडी गुणवंतीच चालवत होती.

उंबऱ्यात तिची सासू कमलाबाई सुपात जवळा निवडत होती.

"झाला का गो?"

"होतो, आये. एक आटा राहिला."

खडीवर पावलं वाजली. कोण आलं ते वर न बघताही गुणवंतीला कळलं. तिचा दीर प्रितेश खडीवरून चालत नसे, खडी लाथाडत येई.

"पोस्टमन नाक्यावर भेटला," तो म्हणाला. त्याच्या हातात फाडलेलं पाकीट होतं आणि त्यातून निघालेलं गाडीच्या मालकीचं कार्ड. "वाच. कुणाचं नाव हाय ते मोठ्यानं वाच."

गुणवंतीनं पाना फडक्याला पुसला. "माझं."

"भाऊ माझा होता."

"नवरा माझा होता. आणि दोन वर्षं गाडी मी चालवतेय. तू एकदा नेलीस ती दारू पिऊन कठड्याला घातलीस."

त्यानं कार्ड खिशात घातलं. अगदी सावकाश घातलं, आणि तेवढ्यावरूनच गुणवंती एक पाऊल मागं सरली. चाकाशी जॅकची लोखंडी दांडी पडली होती. प्रितेशनं ती उचलली आणि डाव्या हेडलाइटवर घातली. काच खडीवर सांडली. दुसरा घाव उजव्या हेडलाइटवर पडला, तिसरा आरशावर. समोरच्या घरातल्या धोंडूनं दार उघडून पाहिलं आणि परत लोटून घेतलं.

"बस झालं," गुणवंती म्हणाली.

दांडी डाव्या हातात घेऊन त्यानं उजव्या हातानं तिची वेणी धरली, मनगटाला एक वेढा दिला आणि तिचं कपाळ मडगार्डवर आपटलं. पत्र्याचा आवाज गल्लीभर गेला. त्यानं पुन्हा आपटलं. गुणवंतीला आकाश दिसलं, मग चाक दिसलं. डोळ्यात काहीतरी कोमट उतरलं.

"प्रितेश! सोड तिला!"

सूप उलटं झालं होतं. सत्तरीची कमलाबाई जवळ्यावर पाय देत धावत आली आणि त्याच्या दंडाला लोंबकळली.

"तू बोलू नको," तो आईकडं वळला. "कागदावर अंगठा कुणी दिला? तूच दिलास ना? सुनेला दिलीस, पोटच्या पोराला नाय!"

"तिच्या घामाची हाय ती."

त्यानं ढकललं, आणि ते ढकलणं रागाच्या भरातलं नव्हतं. आधी त्यानं नेम धरला, तळवा आईच्या छातीच्या मधोमध टेकवला आणि मग जोर लावला. कमलाबाई हातांवर पडली. खडी तिच्या तळव्यांत रुतली. तिच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. गुणवंतीच्या मनात आलं, सवय असलेलं माणूसच असं मुकाट पडतं. मागं एकदा आयेच्या कोपरावर काळंनिळं दिसलं होतं, तेव्हा ती मोरीत घसरले म्हणाली होती.

तेवढ्यात गुणवंतीच्या वेणीवरची पकड सुटली होती. गुणवंती दार उघडून केबिनमध्ये चढली आणि तिनं चावी फिरवली. इंजिन धडधडलं. फॅनबेल्ट गप्प होता. बोल्ट नीट बसला होता.

"आये, ये! चढ!"

पण पलीकडच्या दाराशी जायचं तर प्रितेशच्या पुढ्यातून जावं लागत होतं. कमलाबाई कशीबशी उठली, दाराला धरत आली आणि गुणवंतीच्या खिडकीशी थांबली. तिला धाप लागली होती.

"जातेस कशी तेच बघतो," प्रितेश ओरडला. दांडी फेकल्याचा आवाज आला. बॉनेट अजून उघडंच होतं, त्यामुळं गुणवंतीला समोर पत्र्याखेरीज काही दिसत नव्हतं. त्यानं आत हात घातला असणार, वायरी उपटायला. गाडी हादरली. बेल्टनं एक घाणेरडा, ओला आवाज केला.

मग तो किंचाळला.

गुणवंतीचा हात चावीवर होता. चावीला रक्त लागलं होतं, कपाळाचं की बोटाचं कोण जाणे. पत्र्यापलीकडं तो शब्द नसलेलं काहीतरी ओरडत होता. तिनं श्वास आत घेतला आणि सोडला. मग आणखी एक घेतला. इंजिन अडखळलं, पुन्हा सावरलं. तिचं लक्ष अंगठ्याच्या नखाकडं होतं. नखात ग्रीस अडकलं होतं.

मग तिनं चावी उलटी फिरवली.

पुढचं सगळं तिनं झपाट्यानं केलं. सीटखालची मासळीची सुरी काढली. त्याच्या मनगटातलं जाड कडं पुलीत अडकलं होतं आणि बोटं बेल्टखाली गेली होती. तिनं बेल्ट कापला, धोंडूला हाका मारमारून बाहेर काढला, पदरानं त्याचा हात करकचून बांधला. धोंडू आणि प्रितेश मागं बर्फाच्या खोक्यांजवळ, कमलाबाई तिच्या शेजारी. बेल्ट नव्हता. परळच्या हॉस्पिटलपर्यंत इंजिन तापत गेलं, तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला, पण तिनं गाडी थांबवली नाही.

तीन बोटं गेली. हात वाचला असं डॉक्टर म्हणाले.

दुपारी जबाब घ्यायला एक हवालदार आला. गुणवंतीच्या कपाळावरचे पाच टाके त्यानं पाहिले, कमलाबाईचे सोललेले तळवे पाहिले, आणि वही गुडघ्यावर ठेवली.

"इंजिन चालू होतं तेव्हा गाडीत कोण होतं?"

"मी," गुणवंती म्हणाली.

"तो ओरडल्यावर बंद किती वेळानं केलंत?"

गुणवंतीनं तोंड उघडलं, पण कमलाबाईच बोलली.

"ओरडला आणि बंद झालं. तिथंच उभी होते मी. डोळ्यांनी बघितलं."

"लगेच?"

"लगेच म्हणजे लगेच. लिवा."

हवालदारानं लिहिलं. तो गेल्यावर दोघी बाकड्यावर बसून राहिल्या. समोरून एक स्ट्रेचर गेलं. कमलाबाई तळव्यात उरलेला खडीचा कण नखानं उकरत होती.

"आये," गुणवंती हळूच म्हणाली, "मी लगेच नाय बंद केलं."

"ठाऊक हाय."

"तुझा पोरगा हाय तो."

"माझाच हाय." कण निघाला. कमलाबाईनं तो बोटावर धरून पाहिला आणि खाली टाकला. "तू आत होतीस. तुला नुसतं ऐकू आलं. मला बाहेरून सगळं दिसत होतं, गुणे. हात आत चालला तो पण दिसला."

गुणवंतीनं मान वर केली.

"आणि काच खाली होती," कमलाबाई म्हणाली. "चावी माझ्या हातापासून वीतभरच होती."

आतून नर्सनं दार ढकललं. "प्रितेशचं कोण आहे? शुद्धीवर आलाय. आईला बोलवतोय."

दोघींनीही ऐकलं. दोघींतली एकही लगेच उठली नाही.