चार दाते नसलेले नाणे

मित्रांनो, माझे वय मला विचारू नका. ते माझ्या पाठीवरच छापलेले आहे, आणि भल्याभल्यांनी ते भिंग लावून वाचले आहे. मी एक जुने चांदीचे नाणे आहे. अंगाने काळपट, आवाजाने खणखणीत आणि स्वभावाने, खरे सांगायचे तर, थोडेसे गर्विष्ठ.

माझा जन्म टांकसाळीत एका दणक्यात झाला. वरून एक ठसा, खालून एक ठसा आणि भोवती पोलादी कडे. त्या कड्याला आतून खाचा असतात, त्यामुळे आमच्या काठावर बारीक दाते उमटतात. पण माझ्या वेळेला ते कडे एका जागी झिजलेले होते. म्हणून माझ्या काठावर एके ठिकाणी चार दाते नाहीत. बाकीची नाणी सरळ चालू लागली, मी बोळके घेऊन निघालो. कोणाच्या लक्षातही आले नाही. लोक नाणे घेतात तेव्हा त्याचे दात बघत नाहीत, पुढे काय मिळते ते बघतात.

कित्येक वर्षे मी खिसे, गल्ले आणि पदरांच्या गाठी पाहिल्या. मग मी एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या वस्तादांकडे आलो. त्यांनी काठावरून नख फिरवले, चार दात्यांच्या जागी थांबले आणि हसले. तेव्हापासून मी चलनातून निवृत्त झालो. त्यांच्या शिकाऊ माणसाने पहिल्यांदा कोणाच्याही मदतीशिवाय बायकांचे नाजूक मनगटी घड्याळ चालू केले, त्या दिवशी वस्तादांनी मला त्याच्या हातावर ठेवले. म्हणाले, "अस्सल आहे. तुझ्यासारखंच थोडं वेडंवाकडं आहे, पण अस्सल आहे."

तो शिकाऊ माणूस म्हणजे माझे आजचे घड्याळवाले. आता त्यांचेही केस पिकले आहेत. वस्तादांना तर डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. तरी रोज दुपारी भिंतीला हात लावत ते मागच्या गल्लीतून दुकानात येत, स्टुलावर बसत आणि नुसत्या टिकटिकीवरून सांगत, "ते तिसरं घड्याळ लंगडतंय रे."

संकट आले ते दातांच्या डॉक्टरांच्या रूपाने. जुनी नाणी जमवणारी मंडळी महिन्यातून एकदा वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतात, तिथे ते अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण लोकांच्या तोंडात बघून बघून दोष काढायची सवय लागलेली. घड्याळवाल्यांनी मोठ्या हौसेने मला टेबलावर ठेवले. शेजारी वस्ताद बसले होते.

डॉक्टरांनी मला फिरवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "ओतीव दिसतंय हो, म्हणजे नकली. इथे दातेच नाहीत. कोणीतरी तुम्हाला टोपी घातली."

कोणीतरी म्हणजे कोण, हे त्या खोलीत फक्त तिघांना माहीत होते. त्यातला मी एक, आणि मला बोलता येत नाही. वस्ताद उठले. घड्याळवाल्यांचा हात धरून घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टूल रिकामे राहिले. तिसऱ्या दिवशीही. निरोप पाठवला तर उत्तर आले, "गुडघे दुखतात."

"गुडघे नाही दुखत त्यांचे," घड्याळवाले सुनेला म्हणाले. "चाळीस वर्षांपूर्वी दिलेला शब्द दुखतोय."

सूनबाई दुकानाचा हिशेब आणि कॉम्प्युटर सांभाळते. तिनेच शोधून काढले की नाणी तपासून खरेखोटे आणि दर्जा ठरवणारी एक संस्था आहे, ती नाणे सीलबंद डबीत घालून परत पाठवते. तिने अर्ज भरला. मला बांधायचे काम मात्र सासऱ्यांनी हौसेने स्वतःकडे घेतले, आणि तिथेच घात झाला. त्यांनी मला रोजच्या सवयीने दुकानाच्या दुरुस्तीच्या पाकिटात घातले. त्यावर छापील रकाने होते. "बिघाड" या रकान्यात त्यांनी लिहिले, "नाही". "कधी हवे" या रकान्यात लिहिले, "लवकर".

संस्थेतल्या कारकुनाने बाहेरचे पार्सल उघडले, आतले पाकीट वाचले आणि डोके खाजवले. चुकून आपल्याकडे आलेले, न बिघडलेले, लवकर हवे असलेले घड्याळ! अर्ज एका फायलीत गेला आणि मी "चुकीच्या पत्त्यावर आलेले" अशी पट्टी लावलेल्या कपाटात. पाकीट उघडून बघायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. तीन महिने मी एका बुटाच्या जोडीशेजारी काढले.

इकडे काय चालले होते, ते मला पुढे सूनबाईच्या बोलण्यातून कळले. घड्याळवाले दर सोमवारी फोन करायचे. पलीकडून गोड आवाज यायचा, "रांगेत आहे. पुढच्या आठवड्यात बघा."

"पुढचा आठवडा म्हणजे नक्की कुठला?" घड्याळवाले खवळायचे. "लोकांच्या वस्तू ठेवून घ्यायच्या आणि तारखा देत बसायचं, ही काय पद्धत झाली?"

दुकानातली दोन गिऱ्हाइके एकमेकांकडे बघायची. सूनबाई वहीतून मान वर न करता म्हणायची, "बाबा, त्या काकूंचं भिंतीवरचं घड्याळ मागच्या वर्षीपासून 'उद्या या' मध्ये आहे."

त्या आठवड्यात काकूंचे घड्याळ झाले. पाठोपाठ आणखी सतरा घड्याळे झाली. माझ्या खोळंब्याने गावाचे एवढे भले झाले, हे मी माझ्या जमेच्या बाजूला मांडतो.

शेवटी सूनबाईने अर्जाचा नंबर आणि पाकिटाचे वर्णन पाठवून नीट कान उपटले, तेव्हा मी कपाटातून निघालो. मित्रांनो, तपासनीस बाईंच्या दिव्याखाली मी गेलो तो दिवस मी विसरणार नाही. त्यांनी माझे वजन केले, काठ पाहिला, पुन्हा पाहिला आणि शेजारच्या दोघांना हाक मारली. "या, बघा. कडं झिजलेलं होतं. असं टांकसाळीतच होतं. फार सुंदर!" दोघांनी रांगेने माझे दर्शन घेतले. ज्याला लोक व्यंग म्हणत होते, त्यासाठी मोठी माणसे खुर्चीवरून उठली.

लेबल छापले: अस्सल, काठाचा टांकसाळी दोष. पण डबीत भरणाऱ्याच्या तबकात माझ्याच सालचे आणखी एक नाणे होते, चकचकीत आणि बत्तीशी शाबूत. माझे लेबल त्याच्या डबीत गेले आणि त्याचे माझ्या.

दुकानात त्या चकचकीत नाण्याचे पार्सल गेले (हेही मला नंतर सूनबाईकडूनच कळले), लेबल वाचून सूनबाई टाळ्या पिटू लागली. घड्याळवाल्यांनी भिंग डोळ्याला लावले आणि दुरुस्तीची वही उघडली. गिऱ्हाइकाची वस्तू दुकानाबाहेर पाठवण्याआधी तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा टिपायचा, ही वस्तादांची शिस्त. माझ्याही पानावर नोंद होती: छापातल्या राजाच्या कानावर केसाएवढा ओरखडा, सालाखाली ठिपका.

"याच्या राजाच्या कानावर काही नाही. हे आपलं नाणं नाही."

"पण बाबा, निकाल तर आपल्याच नाण्याचा आहे ना? हे दिसायलाही छान आहे. वस्तादांना हेच नेऊन दाखवलं तर त्यांना थोडंच..." तिने जीभ चावली.

"त्यांना दिसत नाही, म्हणून तर नाही नेणार," घड्याळवाले म्हणाले. "ज्याला दिसतं त्याला एकदा फसवलेलं चालेल."

पुन्हा फोन. संस्थेचे म्हणणे, असे होऊच शकत नाही. सूनबाईने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. मग म्हणाले, होऊ शकते. मला दुसऱ्याच्या डबीतून काढून माझ्या डबीत बसवून परत येईपर्यंत आणखी सहा आठवडे गेले. संस्थेने माफीची चिठ्ठी जोडली होती, तीही दुसऱ्याच कोणाच्या नावाची.

घड्याळवाले मला घेऊन थेट वस्तादांच्या खोलीवर गेले. वाटेत दातांच्या डॉक्टरांना दवाखान्यातून उठवून बरोबर घेतले. डॉक्टरांनी उभ्या उभ्या लेबल मोठ्याने वाचले आणि खाली बघत म्हणाले, "वस्ताद, माझं चुकलं. घाईने बोललो."

"द्या इकडे," वस्ताद म्हणाले. त्यांची बोटे प्लॅस्टिकवरून घसरली. पुन्हा घसरली. "हे काय? मला भेटायला याची पेटी आणलीत?"

घड्याळवाल्यांनी खिशातून घड्याळाचे झाकण उचकटायची पाती काढली.

"अहो, अहो!" डॉक्टर ओरडले. "डबी फोडली की प्रमाणपत्र बाद! साडेपाच महिन्यांची तपश्चर्या!"

"तुम्ही वाचलंत ना, डॉक्टर? झालं त्याचं काम."

कट्! मी वस्तादांच्या तळहातावर पडलो. त्यांचा अंगठा काठावरून फिरला आणि थांबला. मग त्यांनी डॉक्टरांचा हात ओढला, त्यांचे बोट माझ्या काठावर ठेवले, आणि पूर्वीच्या जरबेच्या आवाजात म्हणाले, "शिका. ओतलेल्या नाण्याचे दाते सगळीकडे मऊ लागतात. याचे शेजारचे बघा, अजून टोचतात. फक्त मधले चार आलेच नाहीत. लागलं बोटाला? नाही? परत फिरवा. घाई करू नका."

डॉक्टर शाळेतल्या मुलासारखे खाली बसले आणि परत बोट फिरवू लागले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला घासूनपुसून चकचकीत करू नका. काठाला धरा, सपाट अंगाला बोट लावू नका. तपासायला पाठवायचे झाल्यास आधी त्याची खूण टिपून ठेवा, पाकीट नीट निवडा आणि धीर धरा. आणि एखाद्याच्या वस्तूला खोटे म्हणण्याआधी ती त्याला कोणी दिली, हे जरूर विचारा. माझ्याकडे आता डबी नाही, लेबल नाही. पण त्या दुपारी एका म्हाताऱ्या वस्तादांना मी नवा शिष्य मिळवून दिला. एवढी कमाई मी चलनात असताना कधी केली नव्हती.