उतरता खांदा

धाकटीने आयुष्यात मनापासून एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे कातर. काजं कापायची लहान कातर नव्हे, ती तर इतक्या वर्षांत बोटांना घट्टे पाडून बसली होती. तिला हवी होती मास्तरांच्या टेबलावरची मोठी कातर. ती एकदा चुकीची चालली की मग कोणाच्या बापालाही ते कापड सांधता येत नाही.

कोट शिवणाऱ्या त्या दुकानात कटिंगचं टेबल मधोमध, खिडकीच्या उजेडात होतं आणि धाकटीचं स्टूल पार मागे, इस्त्रीच्या वाफेत. विजारींची उंची कमी करायची, फाटकी अस्तरं बदलायची, पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाच्या शिवणी त्याला न दुखावता सैल करायच्या, ही तिची कामं. "तुम्ही नाही हो वाढलात, कापडच आटलं," असं ती इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगायची की गिऱ्हाईक खूश होऊन जायचं.

मास्तर आता थकले होते. या हंगामानंतर टेबल सोडणार, असं त्यांनी जाहीर केलं. टेबल कोणाला द्यायचं याचा त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी स्वतःच्या जावयालाही मोडू दिला नव्हता. ज्याला टेबल हवं त्याने आपल्या जवळच्या माणसाचा कोट शिवायचा आणि त्या माणसाला तो घालून दुकानात आणायचं. "पुतळ्यावरचा कोट मला दाखवू नका," ते म्हणत. "पुतळा श्वास घेत नाही, खुर्चीत बसत नाही, खिशात हात कोंबत नाही. त्याला काय, पोतंसुद्धा शोभतं."

दुकानात विजारी कापणाऱ्या कारागिरालाही टेबल हवं होतं. त्याला सासरा होता, मेहुणे होते, नको तितकी माणसं होती. धाकटीला एकच माणूस होता. तिचा दादा.

माणसं का उरली नाहीत, ते सांगायला हवं. धाकटीला उदासीचा आजार होता. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं होतं, गोळ्या दिल्या होत्या आणि दर महिन्याला येऊन बसायला एक बाक दिला होता. बरे दिवस असले की ती चार जणांचं काम एकटी उरकायची. वाईट दिवस आले की अंथरुणातून पाय खाली टाकणंसुद्धा व्हायचं नाही. दाराची कडी वाजली तरी छातीत धस्स व्हायचं. मैत्रिणींनी बोलावून पाहिलं, रुसून पाहिलं आणि मग त्या आपापल्या संसाराला लागल्या. शेजारीण म्हणायची, "वेळेवर लग्न केलं असतंस तर ही थेरं सुचली नसती." धाकटी हसून सोडून द्यायची, खोलीत येऊन मात्र पोटभर रडायची.

दादाने असलं कधी काही म्हटलं नाही. तो पोस्टमन होता, नुकताच निवृत्त झालेला. सगळा जन्म टपालाची पिशवी उजव्या खांद्यावर वागवल्याने तो खांदा चांगला दोन बोटं खाली उतरला होता. आई असेपर्यंत त्याच्यामागे लागायची, सरळ उभा राहा रे, सरळ उभा राहा. अंगावर येणाऱ्या कुत्र्यांना नुसत्या नजरेने बसवणारा हा माणूस दवाखान्याला मात्र जाम घाबरायचा. धाकटीला पहिल्यांदा डॉक्टरांकडे नेलं ते त्यानेच, पण तिथल्या बाकावर त्याचा चेहरा असा पांढरा पडला की नर्सने पाण्याचा पेला आणून दिला तो त्यालाच.

कोटाचं सांगितल्यावर तो त्याच रविवारी मापं द्यायला तिच्या खोलीवर हजर झाला.

"सरळ उभा राहा रे दादा."

"राहिलोय की. खोलीच तुझी तिरकी आहे."

"हा खांदा बघ. कोटाचं वाटोळं करणार हा."

"मग आता काय खांदा बदलून आणू? बिनचूक माणूस हवा असेल तर पुतळा घे." मग गळ्याभोवतीच्या टेपसकट वळून त्याने विचारलं, "छोटे, टेबल तुलाच मिळणार ना?"

"कोट बसला तर."

"बसेल. मी श्वास धरून ठेवीन."

कोट असा एका दमात होत नाही. कापड कापून आधी कच्च्या टाक्यांनी नुसतं जोडायचं, माणसाच्या अंगावर चढवायचं, टाचण्या लावत कुठे सोडायचं, कुठे आवळायचं ते पाहायचं आणि मगच पक्की शिलाई. या कच्च्या ट्रायलशिवाय कोट शिवणं म्हणजे नवरामुलगा न बघता लग्न लावणं, असं मास्तर म्हणत. ट्रायल पुढच्या रविवारी ठरली.

आणि त्याच आठवड्यात धाकटीचे वाईट दिवस सुरू झाले.

रविवारी दादाने दार वाजवलं तेव्हा ती जागी होती. चादर डोक्यावरून ओढून, भिंतीकडे तोंड करून पडली होती. कच्चा कोट खुर्चीच्या पाठीवर लटकत होता. उठायचं, केस विंचरायचे, हसायचं, आणि तो "बरी आहेस ना?" असं विचारील तेव्हा हो म्हणायचं. एवढं सगळं तिच्याने होईना.

"छोटे, झोपलीस का?" दादा बाहेरून म्हणाला. "बरं, झोप."

त्याच्या चपला जिना उतरत गेल्या. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, पुन्हा तसंच झालं. त्यापुढच्या रविवारी तो बराच वेळ दाराशी उभा राहिला. "जरा काम होतं गं तुझ्याकडे," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "असू दे. घाई नाही. झोप तू."

त्यानंतर तो आलाच नाही. आणि खरं सांगायचं तर धाकटीला हायसं वाटलं. तोही कंटाळला, सगळेच कंटाळतात, असं तिने स्वतःला सांगितलं. मग वहिनीचे फोन येऊ लागले. वहिनीचा फोन म्हणजे बोलणी खायची, हे धाकटीचं गणित ठरलेलं. दादाला दारातून परत पाठवल्याबद्दल आता आपली बिनपाण्याने होणार. "फोन उचल, काम आहे," असा निरोपही आला. तिने फोन पालथा करून उशीखाली सारला. नंतर फोन येणंही थांबलं.

डॉक्टरांनी गोळी बदलली. हळूहळू अंग हलकं झालं. एका सकाळी ती उठली, खिडकी उघडली, खुर्चीवरचा कच्चा कोट पाहिला आणि तिला चक्क भूक लागली. आता दादाला बोलवायचं, तर आधी माफी मागायची, वहिनीचं ऐकून घ्यायचं. त्यापेक्षा दुकानातला जुना पुतळा तिने खोलीवर आणला. दादाचं अंग तिला तोंडपाठ होतं. पुतळ्याच्या डाव्या खांद्यावर जुन्या स्वेटरच्या घड्या टाचून तिने तो वर उचलला, उजवा आपोआप उतरता झाला. पाठीला दादाचा किंचित बाक दिला. मग पक्की शिलाई घातली.

इतकं सुरेख काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं. उजव्या खांद्यात तिने आतून असा भराव घातला की बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही खांदे एका रेषेत दिसावेत. ते आठवडे ती सुखात होती. शिवताना गुणगुणायची. कोणावाचून आपलं काही अडत नाही, असंही तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्याचा तिला अभिमान वाटला. पुढे याच सुखाची तिला सगळ्यात जास्त लाज वाटणार होती.

तिने कोट दुकानात नेला. मास्तरांनी तो उलटा केला आणि खांद्यात बोटं घालून भराव चाचपला.

"हा खांदा ज्याने केला त्याला माणूस कळतो," ते म्हणाले. "कोण आहे यात?"

"माझा दादा."

"घेऊन ये. उद्या माझा शेवटचा दिवस. त्याच्या अंगावर असाच बसला, तर टेबल तुझं."

धाकटी कोट कागदात गुंडाळून तशीच दादाच्या घराकडे निघाली. वाटेत तिने माफीची दोन-चार वाक्यं जुळवली. दादा हसून म्हणेल, "आलात का राणीसाहेब?" आणि विषय तिथेच मिटेल, अशी तिची खात्री होती.

दार वहिनीने उघडलं. ती वाळली होती. धाकटीकडे, मग कागदातल्या पुडक्याकडे बघून ती फक्त बाजूला झाली.

दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. डावा हात मांडीवर ठेवलेला होता, म्हणजे कोणीतरी तो उचलून तिथे ठेवल्यासारखा. तोंडाची एक कड खाली ओढली गेली होती. तिला पाहून त्याने हसायचा प्रयत्न केला आणि अर्धंच हसू आलं.

"छो... टे."

वहिनी मागून सपाट आवाजात म्हणाली, "अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यात होते, आता घरी आणलंय. तुला किती फोन केले."

दादाचं लक्ष मात्र पुडक्याकडे होतं. "को... ट?" तो म्हणाला, आणि उजव्या हाताने खुर्चीचा दांडा धरून उठू लागला. वहिनी "अहो, अहो" करत धावली. तिने त्याला काखेत धरलं आणि धाकटीने कोट चढवला. आधी निर्जीव हात बाहीत घातला, मग चालता.

कोट कुठेच बसला नाही. उजव्या खांद्यावर भरावाचं टेंगूळ आलं होतं आणि डावीकडून कापड पार खाली लोंबत होतं. धाकटी दोन पावलं मागे सरकली, आणि तिच्या सवयीच्या डोळ्यांना काय झालंय ते दिसलं. झटक्याने दादाचा डावा खांदाही खाली आणला होता. जन्मभर वरखाली असलेले त्याचे खांदे आता एका पातळीत आले होते. दुकानातल्या कुठल्याही बिनचूक पुतळ्यासारखे.

दादा भिंतीवरच्या आरशात बघत होता.

"सरळ..." तो कष्टाने म्हणाला. "झालो... ना?"

वहिनीने तोंड फिरवलं. धाकटी त्याच्या पुढ्यात मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली.

दादाला खुर्चीत बसवून वहिनी तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि चहाचं आधण ठेवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती ओरडली नाही.

"त्या शेवटच्या रविवारी ते तुझ्याकडे आले होते ना," ती म्हणाली. "आदल्या दिवसापासून हाताला मुंग्या येत होत्या, पेला सुटत होता. मी म्हटलं, चला दवाखान्यात. म्हणाले, तुझ्याबरोबर नाही, तू मला घाबरवशील. छोटीला घेऊन जातो, तिला तिथली सवय आहे, ती बाकावर शेजारी बसली की मला भीती वाटणार नाही." वहिनीने गॅस बारीक केला. "तिथून परत आले, म्हणाले, झोपलीय ती, पुढच्या रविवारी जाऊ. मंगळवारी पडले."

धाकटीने ओट्याची कड धरली. ज्या बाकाची तिने आयुष्यभर लाज बाळगली, त्या बाकावर तिच्याशेजारी बसायला तो आला होता. जगात त्या एका कामाला तिच्याइतकं लायक दुसरं कोणी नव्हतं, आणि ती चादरीखाली श्वास रोखून त्याच्या जाण्याची वाट बघत होती.

मास्तरांचा शेवटचा दिवस उद्याच होता. दोन्ही खांदे उसवून नव्याने बसवायचे म्हणजे आठवड्याचं काम. टेबल आता विजारी कापणाऱ्याकडे जाणार, हे तिला कळून चुकलं होतं. त्याचं दुःख झालं, नाही असं नाही. वीस वर्षांची आस होती ती. पण त्या दिवशी दुःखांची रांग लागली होती आणि त्याचा नंबर फार मागे होता.

ती बाहेरच्या खोलीत आली, पर्समधून छोटी कातर काढली आणि दादाच्या समोर जमिनीवर बसून कोटाचे खांदे उसवू लागली. भराव काढून बाजूला ठेवला. सगळं पुन्हा कच्च्या टाक्यांवर आणलं.

"दादा, थोडा उभा राहशील? ट्रायल घ्यायची आहे."

तो वहिनीच्या आधाराने उभा राहिला. धाकटीने टाचण्या ओठांत धरल्या आणि एकेक करून लावू लागली. बोलायचं होतं, पण त्या ओठांत असेपर्यंत बोलायला नको, याचंच तिला बरं वाटत होतं. शेवटची टाचणी लागली, तेव्हा मात्र पळवाट उरली नाही.

"दादा, त्या दिवशी दार जोरात का नाही वाजवलंस? हाक का नाही मारलीस?"

त्याला शब्द गोळा करायला वेळ लागला.

"तू... झोपली... होतीस."

"नाही रे. जागी होते मी."

दादाने चालता हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.

"माहीत... होतं," तो म्हणाला.