नासाडी शून्य टक्के

गुरुवार, १४ मार्च. दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. वखारीत एका ओंडक्याचे उरलेले तक्ते नऊ.

माझ्या मुलीचे पहिले स्वतंत्र काम या नऊ तक्त्यांवर अवलंबून होते. बियाणे तपासणाऱ्या एका संस्थेसाठी तिने बत्तीस खणांचे कपाट करायला घेतले होते. सांगाडा याच ओंडक्यातून तयार झाला होता. राहिल्या होत्या खणांच्या दर्शनी फळ्या, प्रत्येकी सहाशे मिलिमीटर लांबीच्या. दुसऱ्या ओंडक्याच्या लाकडाचा रंग जुळला नसता, आणि रंग जुळला नाही तर कपाट परत, असे करारात स्पष्ट लिहिले होते.

"आठ तक्ते पुरे, बाबा," मोबाइल माझ्यापुढे धरत ती म्हणाली. "ॲपनं मांडून दिलंय. चोवीसशेचा एक तक्ता, त्यात सहाशेच्या चार. नववा या काकांना देऊन टाकू."

'काका' म्हणजे दारे-खिडक्या करणारे एक गृहस्थ. पंधरा मिनिटांपासून ते तक्त्यांभोवती घिरट्या घालत होते.

"एकच कशाला, नऊच्या नऊ मलाच द्या की," ते वखारवाल्याला म्हणाले. "ताईंचा मोबाइल चालू द्या निवांत."

"पाचला फाटक बंद. तोवर तक्ते ताईंचे, मग तुमचे," वखारवाल्याने निकाल दिला.

टेम्पोत मावावेत म्हणून मुलीने तक्ते मधोमध कापून मागितले होते. कामगाराने पहिला तक्ता यंत्रावर चढवला आणि करवत गरगरू लागली. तेवढ्यात मी चष्मा सारखा करून पडद्यावरच्या आकृतीखालची ओळ वाचली: नासाडी शून्य टक्के.

सुतारकामाच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी शून्य नासाडी कधीही पाहिली नव्हती.

"थांबवा! करवत बंद करा!"

पाते लाकडापासून वीतभर अंतरावर थांबले.

"पात्याची जाडी किती भरलीस?" मी मुलीला विचारले.

"शून्य."

"शून्य? मग भुसा काय आभाळातून पडतो?"

"तुम्ही माप सांगता ते पात्याची जाडी धरूनच ना! लहानपणापासून ऐकतेय. मी पुन्हा भरली असती तर दोनदा धरली गेली असती."

तिचे म्हणणे खरे होते. मी नेहमी जाडी धरूनच माप सांगतो. मात्र ॲपमध्ये त्यासाठी वेगळा रकाना आहे असे कळल्यामुळे आदल्या दिवशी प्रथमच मी निव्वळ माप सांगितले होते, आणि तसे सांगितल्याचे तिला सांगितले नव्हते. तिने माझ्या सवयीवर विसंबून राहावे आणि मी रकान्यावर. जाडी कोणीच धरली नाही.

टोके साफ करण्याचे दोन काप, तुकडे वेगळे करण्याचे तीन. पाच काप, प्रत्येकी तीन मिलिमीटर. तिने आकडा भरताच आकृती बदलली: तक्ते अकरा.

तिचा चेहरा उतरला. "फळ्या चार-चार मिलिमीटर आखूड केल्या तर?"

"सांगाडा तयार आहे. प्रत्येक खणाच्या फटीतून चूक दिसेल, तुझी."

"आपली," ती म्हणाली.

मी खिशातून टेप काढला. चोवीसशे हे बिलावरचे माप. वखारीत तक्ता थोडा वाढीव ठेवतात. किती वाढीव, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आम्हाला चोवीसशे पंधराचे आठ तक्ते हवे होते.

"चोवीसशे अठरा." तिने भरले. "चोवीसशे एकवीस."

तिसरा निघाला चोवीसशे सहा. बाद.

"साडेचार झाले हो," काकांनी आठवण करून दिली.

"घड्याळ आहे आमच्याकडे," मुलगी मान वर न करता म्हणाली.

पुढचे पाचही मापात बसले. काका आता हसत नव्हते. हाती सात झाले होते आणि मोजायचा तक्ता एकच राहिला होता. मी टेप दोनदा लावला.

"चोवीसशे बारा."

तीन मिलिमीटर कमी. वखारवाला फाटकाकडे निघाला. मी टेप गुंडाळायला घेतला, तशी मुलगी खाली बसली आणि बाहीनेच तिने तक्त्याच्या टोकावरची धूळ पुसली.

"बाबा, गुण्या द्या."

काटकोन तपासायचा गुण्या तिने टोकाला लावला, तक्ता उलटवला, पुन्हा लावला. गुण्या आणि लाकूड यांच्यामधून उजेडाची रेघसुद्धा दिसत नव्हती. टोकाला चीरही नव्हती.

"हे टोक साफ करायचंच कशाला? काप चारच लागतील."

चार काप, बारा मिलिमीटर. मी स्वतः पुन्हा तपासले. तिचे गणित बरोबर होते.

"आठ द्या," ती वखारवाल्याला ओरडून म्हणाली, "आणि कापू नका, अख्खे न्यायचेत!" मग बाद झालेल्या तक्त्याकडे बोट दाखवत ती वळली. "काका, हा तुमचा. मघाशीच कबूल केला होता ना!"

टेम्पोचे मागचे फळकूट उघडे ठेवून, बाहेर आलेल्या टोकांना लाल फडके बांधून आम्ही पाचला तीन मिनिटे कमी असताना बाहेर पडलो.

शुक्रवारी तिने एकटीने तक्ते कापले. मी फक्त मोजले. दर्शनी फळ्या बत्तीस; आखूड, शून्य.