टाचेखालचं बीळ

मी निवटा मासा. वीतभरही नाही, डोळे बेडकासारखे डोक्यावर, घर बेलापूरच्या खाडीतल्या चिखलात. ओहोटी लागली की आम्ही बाहेर येऊन उड्या मारतो. माणसं बघून हसतात, मग कालवण करतात.

माझ्या बिळाला दोन तोंडं होती. मासे धरायला येणाऱ्या गोजराबाईला ते ठाऊक होतं. गुडघाभर चिखलात उभी राहून ती एका तोंडावर टाच दाबायची आणि दुसऱ्यात कोपरापर्यंत हात घालायची. एकदा मीही तिच्या मुठीत आलो.

"ल्हान हाय अजून," म्हणत तिनं मला सोडलं.

"सोरतेस काय गो? पोरांना चिखल चारशील?" शेजारची रखमा म्हणाली.

"म्होटा झाला का येल माझे टोपलीन."

या बायकांची एक रीत होती. टोपली भरलेली असली तरी कुणी विचारलं, तर 'काय नाय' म्हणायचं. कबूल केलं की दृष्ट लागते, खाडी हात आखडते.

एकोणऐंशी साली नव्या शहराच्या पाहणीला साहेब आले. बांधावरूनच त्यांनी विचारलं, "बाई, इथे मासे मिळतात का?"

गोजराबाईनं टोपलीवर पदर ओढला. आत माझे भाऊबंद फडफडत होते.

"काय नाय सायब. निसता चिखल हाय."

साहेबांनी तसंच लिहून घेतलं. फडफड त्यांनाही ऐकू आली असावी. पण सोयीचं उत्तर मिळालं की माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही.

पुढच्या श्रावणात माझ्या बिळाच्या छताला अंडी चिकटली. आमच्यात अंडी बाप राखतो. तोंडात हवा भरून आत नेऊन सोडतो. मी हवा आणायला वर आलो आणि डंपरनं मुरूम ओतला. दोन्ही तोंडं एकदम बुजली. मी बाहेर राहिलो.

तीन दिवस उकरत होतो. माझं तोंड चिखलासाठी आहे, दगडासाठी नाही.

आता मी रस्त्याखालच्या मोरीच्या काळ्या पाण्याकाठी असतो. पुन्हा बीळ केलं नाही.

काल गोजराबाई आली. भरावाच्या कडेला उरलेल्या चिखलात तिनं एक जुनं भोक शोधलं, टाच दाबली, हात घातला. हाताला मुरूम लागला. मी चार हातांवर होतो, मोठा झालेला. तिच्या टोपलीत जायला माझी ना नव्हती. तिनं इकडे पाहिलंच नाही; ती बिळं शोधत होती.

वरच्या नव्या रस्त्यावरून रखमानं हाक दिली, "काय गावलं गो?"

"काय नाय," गोजराबाई म्हणाली.

या वेळी तिनं टोपलीवर पदर ओढला नाही.